पट्टायाला आम्ही दोघं पुरुष, जोडीनं जातोय. कुठे राहावं, आणि तो शो बघावा का?

पैलतीर:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा जोडीदार, दोघंही पुरुष, दोघंही चाळिशी ओलांडलेले. एकत्र राहून बरीच वर्षं झाली. आजवर जिथे जिथे फिरलो तिथे खोली घेताना वेगवेगळे पलंग मागितले आणि कुणी विचारलंच तर ‘मावसभाऊ’ म्हणून सांगितलं. या वेळी तसं करायचं नाही, असं दोघांनी ठरवलंय. पट्टायाला आमच्यासारख्या जोड्या मोकळेपणानं येतात असं वाचलं, म्हणून तिकडचा बेत आहे.

विचारायचं असं की एकच पलंग असलेली खोली घेतली तर हॉटेलवाले काही विचारतात का? राहायला कुठला भाग बरा? रात्रभर गोंगाट नको, पण आपल्यासारखी माणसं आजूबाजूला असावीत, एवढीच इच्छा. चालताना त्याचा हात धरला तर कुणी वळून बघेल का?

आणि एक गोष्ट, ज्यावरून आमच्या घरात वाद चाललाय. टिफनीजचा कॅबरे शो, म्हणजे ट्रान्स स्त्रियांचा नाचगाण्याचा कार्यक्रम, मला बघायचा आहे. तो म्हणतो, ‘माणसं बघायला तिकीट काढून जायचं, हे मला पटत नाही. आपल्याकडे लोक तसं बघतात तेव्हा आपल्याला कसं वाटतं?’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या कुणी प्रामाणिकपणे सांगितलं तर बरं होईल.

हौशीप्रवासी:
आम्ही ग्रुप टूरनं गेलो होतो. शो नक्की बघा, पैसे वसूल. कपडे, रोषणाई, सगळं भव्य. आमच्या बसमध्ये तर पैजा लागल्या होत्या की या खरंच पुरुष आहेत की बायका. शेवटपर्यंत ओळखता आलं नाही कुणाला. शो संपल्यावर बाहेर फोटो काढतात, त्याचे मात्र पैसे मागतात, आधी सांगत नाहीत. रात्री वॉकिंग स्ट्रीटला, म्हणजे तिथल्या बारच्या रस्त्याला, एक चक्कर मारा. कोरल आयलंडची सहल टूरमध्येच होती. हॉटेलचा अनुभव नाही, आम्ही कुटुंबासह होतो.

जॉमटियनकर:
पैलतीर, मी पट्टायालगतच्या जॉमटियनमध्ये एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करतो. तुमच्यासारखाच आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

खोलीचं आधी. बुकिंग करताना ‘डबल’ निवडा, म्हणजे एकच मोठा पलंग; ‘ट्विन’ नको, त्यात दोन वेगळे असतात. आल्यावर दोघांचेही पासपोर्ट मागतील, त्यानं दचकू नका. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत इमिग्रेशनला कळवावं लागतं, तो नियम सगळ्यांनाच आहे. तुमचं नातं काय, हे आम्ही विचारत नाही. आपल्याकडून येणाऱ्या जोड्या मला लांबून कळतात. एक जण काउंटरशी येतो, दुसरा बॅगा धरून सोफ्यापाशी उभा राहतो, जणू ओळखच नाही. पासपोर्टवर मराठी आडनाव दिसलं की मी म्हणतो, ‘दादा, दोघेही या, इथे सही करायचीय.’ सही खरं तर एकाचीही चालते. पण दोघं काउंटरशी शेजारी शेजारी उभे राहतात ना, ते मला बघायचं असतं.

हात धरा. जॉमटियनला कुणी वळून बघणार नाही. इथली माणसं चारचौघांत चुंबन वगैरे घेत नाहीत, नवरा-बायकोसुद्धा नाही, तेवढा आब तुम्हीही राखा. बाकी काही नाही.

राहायचं कुठे? जुने लेख वाचलेत तर बॉइझटाउन आणि सुनी प्लाझा ही नावं सापडतील. दोन्ही दक्षिण पट्टायातल्या गल्ल्या, एके काळी गे बार तिथेच होते. आता तिथली वर्दळ ओसरली आहे. करोनात बरंच बंद पडलं आणि जे तगलं त्यातलं पुष्कळसं जॉमटियनकडे सरकलं. आजचं ठिकाण म्हणजे जॉमटियन कॉम्प्लेक्स. थप्पराया रोडला लागून, समुद्रापासून चालत काही मिनिटांवर, आखूड गल्ल्यांचा एक पुंजका. गल्लीतच टेबलं मांडलेली, दिवे, छोटे बार, त्यातल्या काहींत रात्री लहानसा कॅबरे. संध्याकाळी तिथे बसाल तर तुम्हाला काय दिसेल सांगू? सत्तरीचे गोरे आजोबा, त्यांच्याबरोबर पंचवीस-तीस वर्षं संसार केलेला थाई जोडीदार, दोघं न बोलता आपापलं खात बसलेले. तरुण मुलांची गर्दी, पैशाचे व्यवहार हेही आहेच, लपवून उपयोग नाही. पण मला ती म्हातारी जोडपी सगळ्यात मोलाची वाटतात. म्हातारपण असंही असतं, हे मी आधी कुठे पाहिलंच नव्हतं.

दिवसा दोंगतान बीच. जॉमटियनच्या किनाऱ्याचं हे उत्तरेकडचं टोक. झाडांची सावली, छत्र्यांखाली ओळीनं आरामखुर्च्या, त्यातल्या काही ओळींवर इंद्रधनुषी झेंडे. खुर्ची भाड्यानं घ्यायची आणि दिवसभर पडून राहायचं. खाणंपिणं, मालिश, सगळं खुर्चीपाशी येतं. पाणी फार नितळ नाही. पोहायला कोह लार्नला जा. हौशीप्रवासी ज्याला कोरल आयलंड म्हणतायत तेच हे. टूरची स्पीडबोट लागत नाही, बाली हाय धक्क्यावरून साधी फेरी जाते, तिचं तिकीट तीसेक बाट आहे.

आता शोबद्दल. तुमच्या जोडीदारानं विचारलंय ते अगदी बरोबर आहे, आणि तरीही मी म्हणेन की जा.

पट्टाया हे मासेमारीचं गाव होतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिक इथे सुट्टीला येऊ लागले, जवळच ऊ-तापाओचा विमानतळ होता, तिथून बॉम्बफेकी विमानं उडायची. बार त्यांच्यासाठी उघडले. टिफनीज सुरू झालं 1974 मध्ये, म्हणजे ते सैनिक परतीच्या वाटेवर होते तेव्हा. अल्काझार हे असंच दुसरं थिएटर नंतर, 1981 मध्ये. ज्या मुली एरवी बारच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या असत्या त्यांना इथे रंगमंच मिळाला, पगार मिळाला, नाव मिळालं. 2004 पासून ट्रान्स स्त्रियांची ‘मिस इंटरनॅशनल क्वीन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा इथेच होते. पहिल्याच वर्षी जिंकलेली त्रीचादा पेचरत पुढे थायलंडभर प्रसिद्ध झाली, सिनेमात आली. तेव्हा हे नुसतं ‘माणसं बघणं’ नाही. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना डोक्यावरच्या पिसांच्या मुकुटापासून पायातल्या टाचांपर्यंत सगळं बदलून त्या परत उभ्या असतात, आणि ओठ शब्दाला चुकत नाहीत. त्यामागे रोजचा सराव असतो. लावणीच्या फडाला आपण ज्या नजरेनं दाद देतो त्या नजरेनं बघा. नाचाला टाळी द्या. ‘ओळखता येतं का’ हा खेळ मात्र खेळू नका. हौशीप्रवासी, हे तुमच्यावर रागावून म्हणत नाही, पण त्या पैजा रांगेत उभ्या असलेल्या मुलींना कळतात. आपली भाषा येत नसली तरी बोट कुठे रोखलंय ते त्यांना दिसतं.

मी हे एवढं कळकळीनं का सांगतोय, तर काउंटरवर मला दुसरी बाजू दिसते. इथल्या बऱ्याच हॉटेलांत पद्धत आहे की पाहुण्याबरोबर रात्री कुणी खोलीवर आलं तर त्या व्यक्तीचं ओळखपत्र काउंटरवर ठेवून घ्यायचं. ट्रान्स मुलगी असली की ती कार्ड पालथं करून पुढे सरकवते. कारण कार्डावर फोटो तिचा असतो आणि नावाआधी ‘नाय’ लिहिलेलं असतं, म्हणजे श्री. शस्त्रक्रिया झालेली असली तरी ‘नाय’. थायलंडमध्ये ट्रान्स व्यक्तीला कागदोपत्री लिंग आणि ती उपाधी कायद्यानं बदलता येत नाही. जाहिरातीच्या फलकावर जिचा चेहरा दोन मजले उंच आहे, तिलाही बँकेत ‘श्री’ म्हणूनच हाक मारतात.

एप्रिलमध्ये लष्करभरतीची सोडत असते. एकविसाव्या वर्षी प्रत्येक मुलाला हजर व्हावं लागतं, आणि कागदावर मुलगा असल्यामुळे या मुलींनाही. त्या केस बांधून, नीट कपडे करून रांगेत बसतात. तपासून सोडून देतात बहुतेकींना. पूर्वी सूट देताना दाखल्यावर ‘कायमचा मानसिक विकार’ असं लिहायचे. तो दाखला आयुष्यभर प्रत्येक नोकरीच्या वेळी दाखवायचा. 2011 मध्ये कोर्टानं ते शब्द काढायला लावले.

विवाहाचा कायदा मात्र झाला, आणि तो आनंद खरा आहे. 23 जानेवारी 2025 पासून लागू आहे, कायद्यात आता पुरुष आणि स्त्रीऐवजी ‘दोन व्यक्ती’ असा शब्द आहे. पहिल्याच दिवशी देशभरात अठराशेहून जास्त जोड्यांनी नोंदणी केली. आमच्या हॉटेलातला एक जण त्या दिवशी रजा टाकून गेला आणि दुपारी कामावर परत आला तो प्रमाणपत्र शर्टाच्या आत ठेवून, चुरगळू नये म्हणून. सगळ्यांना दाखवलं, पण हातात कुणाच्या दिलं नाही. पण हेही ऐका. ज्या सभागृहानं 2024 च्या मार्चमध्ये विवाहाचं विधेयक प्रचंड बहुमतानं मंजूर केलं, त्याच सभागृहानं फेब्रुवारीत ट्रान्स लोकांना कागद बदलू देणारं विधेयक फेटाळलं होतं. तुम्ही आणि मी त्या आनंदात पुरते आहोत. ज्यांच्या नाचावर या गावाची तिकिटं विकली गेली, त्या अजून अर्ध्याच आहेत.

म्हणून बघा शो, आणि मान देऊन बघा. तुमच्या जोडीदाराला जे खटकतंय ते घेऊनच आत जा.

सावनी_म:
जॉमटियनकर, तुमचं वाचून डोळे भरून आले. मी ट्रान्स स्त्री आहे. माझ्या पासपोर्टवर आता नाव आणि लिंग दोन्ही माझं आहे, त्यामुळे विमानतळावर मला अडवलं नाही.

शोबद्दल मला वेगळं सांगायचंय. मी गेले होते तेव्हा माझ्या मागच्या रांगेत सतत कुजबुज आणि हसणं चालू होतं. भाषा हिंदी होती, आपली नव्हती असं म्हणून सुटता येणार नाही, पुढच्या रांगेत मराठीही होतीच. मी खुर्चीत आकसून बसले. मग एक एकटीचं गाणं आलं, साधा काळा झगा, पिसं नाहीत, झगमगाट नाही. ती वयानं मोठी होती, पन्नाशीची तरी असावी. तिनं प्रेक्षकांकडे असं बघितलं की हसणं थांबलं. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्यासारखी बाई पन्नाशीला पोचू शकते आणि तिच्याकडे हजार माणसं गप्प बसून बघू शकतात. पैलतीर, तुमच्या जोडीदाराला सांगा, तिथल्या प्रेक्षकांत आम्हीही बसलेल्या असतो. आमच्यासाठी तो शो वेगळाच असतो.

पट्टायात ट्रान्स स्त्रियांनीच चालवलेली ‘सिस्टर्स’ ही संस्था आहे. एचआयव्हीची तपासणी, हार्मोन्सबद्दल सल्ला, सगळं आपल्यासारख्याच बायका करतात. मी नुसतं बघायला गेले होते, तासभर गप्पा मारत बसले. वाचणाऱ्यांत कुणी ट्रान्स मैत्रीण असेल तर तिच्यासाठी लिहून ठेवतेय.

हौशीप्रवासी:
तुमचं दोघांचं वाचलं. कार्डाचं आणि भरतीचं मला ठाऊक नव्हतं, गाइडनं यातलं काही सांगितलं नव्हतं. एक विचारतो, फोटोच्या पैशांचं काय? तिथे बरीच ओढाताण होते, दोघीतिघी येऊन उभ्या राहतात आणि मग प्रत्येकीला द्यावे लागतात. त्यातून लोक चिडतात आणि मग बोलतात वाट्टेल ते.

जॉमटियनकर:
रास्त प्रश्न आहे. फोटोची बक्षिसी हा त्यांच्या मिळकतीचा भाग आहे, शोच्या तिकिटात ती धरलेली नसते. फोटोत जेवढ्या जणी उभ्या राहतील तेवढ्यांना प्रत्येकी शंभर बाट, असं मनाशी धरून बाहेर पडा आणि सुट्या नोटा जवळ ठेवा. एकीबरोबरच हवा असेल तर आधीच एक बोट दाखवून सांगा, बाकीच्या हसून बाजूला होतात. नको असेल तर हात जोडून मान हलवा आणि चालू लागा, कुणी मागे येत नाही. चोरून मोबाइलवर काढू नका. तिथे भांडणं होतात ती यावरूनच.

आणि हात खांद्यावर. त्याच्या खाली नाही. हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. पण थिएटरच्या त्या आवारात मी टूरच्या गटांतले पुरुष पाहिलेत, बायकामुलं समोर उभी असताना. मुलगी हसणं न सोडता तो हात उचलून बाजूला ठेवते, कॅमेऱ्याचा फ्लॅश होईपर्यंत. नंतर मैत्रिणीशी थाईत जे बोलते ते मला समजतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

पैलतीर:
सगळ्यांचे मनापासून आभार. त्याला सगळा धागा वाचून दाखवला. सावनीताईंचा प्रतिसाद त्यानं स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाला, ‘शोचं तिकीट काढ, पण आपण मागच्या रांगेत बसायचं, कुणी हसलं तर मी बोलणार.’ मी म्हटलं, बोल.

आता उरलेलं. डिसेंबरच्या सुरुवातीला जमेल, ते ठीक का? विमानतळावरून जॉमटियनला कसं यायचं? गावात फिरायला काय? आणि आम्ही तिथेच लग्नाची नोंदणी करू शकतो का? हा प्रश्न त्यानं विचारायला सांगितलाय. इतकी वर्षं यातलं काही बोलला नव्हता.

जॉमटियनकर:
त्यानं विचारायला सांगितलंय, हे वाचून मी काउंटरवर बसल्या बसल्या मोठ्यानं हसलो, शेजारच्या मुलीनं काय झालं म्हणून विचारलं. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यांना समुद्राकडची खोली दे.’

नोंदणीचं सरळ सांगतो, कारण यात भलती आशा लावणं बरं नाही. परदेशी जोडप्यांना इथे नोंदणी करता येते. त्यासाठी आपापल्या दूतावासाकडून ‘अविवाहित आहे, विवाहाला अडचण नाही’ अशा अर्थाचा दाखला लागतो, मग त्याचं थाई भाषांतर, त्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, आणि मग जिल्हा कार्यालयात नोंदणी. पहिल्याच पायरीला दूतावासाशी बोलून घ्या, विमानाची तिकिटं काढायच्या आधी. आणि दाखला मिळून सगळं पार पडलं तरी भारतात त्या लग्नाला मान्यता नाही, 17 ऑक्टोबर 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथली स्थिती आहे तशीच आहे. वारसा, विमा, इस्पितळातली सही, यांतलं काही त्या कागदानं मिळणार नाही. त्यासाठी मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र तिकडच्या वकिलाकडून करून घ्या, लग्न होवो न होवो. माझ्या ओळखीत एकाचा जोडीदार गेला तेव्हा घराच्या किल्लीवरून जे झालं ते मी विसरू शकत नाही. हे काम सुट्टीवर यायच्या आधी उरका.

डिसेंबर उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस झोडपतो. प्राइडची मिरवणूक बघायची असेल तर मात्र जूनमध्ये यावं लागेल. एप्रिलचा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणी उडवायचा सण, तोही बघण्यासारखा, बँकॉकचं पाणी 13 ते 15 ला संपतं आणि पट्टायाचा मोठा दिवस 19 ला असतो, पण ती गर्दी तुम्हाला झेपेल असं तुमच्या प्रश्नावरून वाटत नाही.

गावात फिरायला निळ्या सॉन्गथ्यू आहेत, मागे समोरासमोर दोन बाकं असलेले टेम्पो. हात दाखवायचा, मागे चढायचं, उतरायचं असेल तिथे घंटी दाबायची आणि उतरून पुढे येऊन ड्रायव्हरला दहा-वीस बाट द्यायचे. चढण्याआधी भाडं विचारलंत की तुम्हाला अख्खी गाडी हवी असं समजून तो शंभर-दोनशे सांगतो, म्हणून विचारूच नका. बीच रोडवर त्या दक्षिणेकडे जातात, सेकंड रोडवर उत्तरेकडे. टिफनीज सेकंड रोडच्या उत्तर टोकाला आहे. शो सुटल्यावर परतताना बीच रोडपर्यंत चालत या आणि तिथून दक्षिणेला जाणारी धरा. वॉकिंग स्ट्रीटच्या अलीकडे उतरून जॉमटियनची दुसरी बदलावी लागते.

सुवर्णभूमी विमानतळावरून थेट बस आहे, तळमजल्यावर तिकीट मिळतं, साधारण दोन तास लागतात. सामान खाली डिकीत टाकतात, त्याची चिठ्ठी सांभाळून ठेवा. बस पट्टायात थांबत थांबत येते, तिथे उतरू नका, शेवटपर्यंत बसून राहा. ती थप्पराया रोडवरच संपते, जॉमटियन कॉम्प्लेक्स तिथून जवळ आहे.